‘ईण’ गळाली तो हंगाम

आषाढ लागला की नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत मिरचीचा गाडा येतो. मिरची काय, वर्षभर मिळतेच. पण आषाढातली वेगळी. तिचा वास गाडा वळणावर असतानाच वर तिसऱ्या मजल्यावर येतो. मी पिशवी घेऊन खाली उतरते, गाडेवाला पोतं ढिगात ओततो आणि माझा हात आधी देठाकडं जातो. बिनदेठाची मिरची मी बाजूला सारते. सारायची नसते, पण बोटं ऐकत नाहीत. परवा तो वैतागून म्हणाला, "मावशी, मिरची निवडून न्हाई भेटत." मी म्हटलं, "निवडून न्हाई राह्यले रे बाबा. बिनदेठाची किती आली ते पाहून राह्यले, ती लौकर सडती. ज्यांनी तोडली त्यांना सांग, वरून ओढू नका, देठ धरून मोडा." तो हसून म्हणाला, "तुम्ही काय मिरचीतच होत्या का?" त्याला उभ्या उभ्या काय सांगणार? मी मिरची घेतली, कोथिंबिरीची काडी हक्कानं वरती टाकून घेतली आणि जिना चढले.

या इमारतीत मला नावांची कमी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. पल्लवीच्या सासूबाई. नातवाच्या दोस्तांत मी नुसती ‘त्याची आजी’. सगळी प्रेमाची नावं आहेत, माझी तक्रार नाही. पल्लवी, म्हणजे माझी सून, बियाण्याच्या कंपनीत हापिसात असते. तिथं ती मॅडम. संध्याकाळी घरात आली तरी थोडा वेळ तिचा आवाज मॅडमचाच राहतो. "हे इथं कुणी ठेवलं?" असं ती चपला काढता काढता विचारते. हातपाय धुतले, चहा पोटात गेला की मग हळूहळू आमची पल्लवी परत येते. लेक मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तिचं बोलणं मनावर घेऊ नको." मी म्हटलं, "अरे, ती मला कुठं बोलली? ती अजून हापिसातच होती." त्याला वाटलं आई टोमणा मारतेय. मी खरंच सांगत होते. दिवसभर पांघरलेला आवाज दारातल्या पायपुसण्यावर झटकून टाकता येत नाही, हे मला माहीत आहे. माझा तर अजून उतरलेला नाही.

आमच्याकडं नवऱ्याच्या कामाला ‘ईण’ लावली की बायकोचं नाव तयार. पाटलाची पाटलीण, मास्तराची मास्तरीण. सासरच्या गावातल्या मास्तरीणबाईंना स्वतःची सही येत नव्हती, पण दारावरून जाणाऱ्या पोरांना "अक्षर नीट काढा रे" म्हणून दम द्यायच्या त्याच. डॉक्टरीणबाई ओट्यावर गहू निवडता निवडता औषध सांगायच्या आणि लोकांना गुण यायचा. मी आष्टीची, परतूर तालुक्यातली. आमच्याकडं सगळा कापूस. मिरची मी पाहिली ती फोडणीत आणि खलबत्त्यात. लग्न होऊन पिंपळगाव रेणुकाईच्या जवळच्या आमच्या गावात आले, उंबऱ्यावरचं माप पायानं लवंडलं, आणि आतून कुणीतरी म्हणालं, "आली बाई मुकादमीण." मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलल्या. मागं वळून पाहिलं तर माझ्यामागं करवलीशिवाय कुणी नव्हतं.

आमचे मालक मुकादम होते. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालकच म्हणतात, त्यात मालकीचं काही नसतं. मुकादम म्हणजे मिरची तोडणाऱ्या बायांच्या टोळीचा म्होरक्या. बाया गोळा करायच्या, गाडी ठरवायची, शेतकऱ्याशी बोलणी करायची, रानात पोचलं की प्रत्येकीला तिची सरी, म्हणजे झाडांची ओळ, नेमून द्यायची, आणि तोडा उरकेपर्यंत बांधावरून लक्ष ठेवायचं. झाडाची मिरची एकदम येत नाही. तोडली की आठ-पंधरा दिवसांनी परत लगडते. त्या एकेका खेपेला तोडा म्हणतात. पहिल्या तोड्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत, आषाढापासून पार दिवाळीपर्यंत, आमच्या घरातलं सगळं त्यावर चालायचं. चूल, सण, लेकाची शाळा, सगळंच.

आणि मुकादमीण काय करायची? संध्याकाळी चुलीपुढं बसायची, आणि दारात एकेक बाई येऊन सांगून जायची. "मुकादमीण, मालकाला सांगा, उद्या माझं येणं होत न्हाई, पोराला ताप हाय." "मुकादमीण, मला तिच्या शेजारची सरी देऊ नका म्हणावं, चार महिने झाले आमचं बोलणं न्हाई." भाकरी थापता थापता मी सगळं ऐकायची, मालक जेवायला बसले की सांगायची. ते "हं" म्हणायचे आणि विसरायचे. त्यांना टोळीत बाया किती ते ठाऊक होतं. बाया कोण, ते मला ठाऊक होतं. पण मी कधी रानात गेले नव्हते, आणि त्यात काही चुकतंय असं मलाही वाटत नव्हतं.

त्या वर्षी पहिला तोडा नुकताच लागला होता. पिंपळगावच्या मिरची बाजारातून येताना मालकांची मोटारसायकल चिखलात घसरली आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. घरात बाज टाकली, बाजेवर मालक, आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ. त्यात शेजारच्या गावचा मुकादम आला. सोबत केळी घेऊन आला, पायाची चौकशी केली, चहा पिला, आणि उठता उठता मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही मालकाचं पाहा. बायाचं मी पाहून घेतो. हंगाम झाला की टोळी जशीच्या तशी तुमची तुम्हाला." औत उसनं मागायला आल्यासारखं बोलला. गेलेली टोळी परत येत नसती, हे बाजेवरच्या माणसालाही कळत होतं आणि मलाही. टोळी गेली की मुकादम गेला. मुकादम गेला की मुकादमीण गेली. मग त्या गावात मी कोण, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मी म्हटलं, "टोळी कुठं जात न्हाई. उद्या मी जाते रानात."

तो गेल्यावर मालक बाजेवरून म्हणाले, "तू? तुला मिरची तोडता येती का?"

"तुम्हाला येती का?"

त्यांनी प्लास्टरवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मुकादमाला तोडावी लागत न्हाई."

"मंग मलाबी लागत न्हाई," मी म्हटलं आणि चुलीकडं वळले. बोलले खरी, पण पिठात पाणी जास्त झालं आणि त्या दिवशी भाकरी काही नीट थापली गेली नाही.

सकाळी पारापाशी दोन गाड्या उभ्या. आमची जुनी पिकअप, आणि त्या शेजारगावच्या मुकादमाची नवी, वर ताडपत्री बांधलेली. बाया मधे. कुणी माझ्याकडं पाहीना, कुणी त्याच्याकडं पाहीना, सगळ्या आपापल्या डब्याच्या फडक्याची गाठ परत परत बांधत होत्या. टोळीत कांताबाई सगळ्यात तोंडाळ आणि शमीमआपा सगळ्यात जुनी. कांताबाई म्हणाली, "मुकादमीण, तुम्हाला रानातलं काय कळतं? आमचा दिवस बुडायचा." मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, "मिरचीतलं न्हाई कळत. तुमच्यातलं कळतं." शमीमआपानं पानाची पिचकारी पाराच्या मागं टाकली आणि आमच्या पिकअपच्या मागच्या फाळक्याला हात घातला. "आज बाई के संगात जाते. कल का कल देखेंगे." ती चढली तशा बाकीच्या चढल्या. कांताबाई सगळ्यात शेवटी, बडबडत.

मालकांच्या राज्यात सऱ्या वाटायची रीत सोपी होती. गाडीतून जी आधी उतरेल तिला पहिली सरी, मग दुसरी, मग तिसरी. त्यामुळं रान दिसलं की गाडीतच रेटारेटी. कांताबाईचं कोपर तर पंचक्रोशीत नावाजलेलं. मी त्या दिवशी गाडी थांबल्यावर म्हटलं, "कुणी घाई करू नका. नाव घेते तशा उतरा." आणि चुलीपुढं ऐकलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडायला लागलं. अंगावर पाजणारी होती तिला लिंबाजवळची सरी दिली, फांदीला झोळी बांधून लेकरू डोळ्यापुढं राहील अशी. न बोलणाऱ्या दोघी जावा-जावा रानाच्या दोन टोकांना. कंबर दुखणारीला उंच झाडांची ओळ. ज्या दोघींचं फार जमतं त्यांनाही लांब ठेवलं, कारण त्यांची तोंडं चालली की हात थांबतात. कांताबाईला मधोमध दिलं, की तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू जावं आणि तोडणी कंटाळवाणी होऊ नये. ती म्हणाली, "मला मधी कामून?" मी म्हटलं, "तुझ्याबिगर रान झोपतं." ती काहीतरी पुटपुटली, पण सरीत वाकली. सगळ्या वाकल्या. देठ मोडल्याचा बारीक टकटक आवाज सुरू झाला, आणि मी बांधावर उभी राहून तो पहिल्यांदा ऐकला.

उभं राहून करमेना म्हणून मीही एका झाडाला हात घातला. घाम आला. आष्टीच्या पोरीनं करू नये तेच केलं, त्याच हातानं डोळा पुसला. देवा रे. दोन्ही डोळ्यांतून धारा. नाक लाल. तेवढ्यात शेतकरी आबा बांधावर आले आणि लांबूनच म्हणाले, "का हो, रडायला काय झालं? मालकाचं दुखणं वाढलं का?" सगळं रान हसलं. आपानं मला खाली बसवलं, पदराचा बोळा केला, त्यावर तोंडाची वाफ सोडून डोळ्यावर दाबला आणि म्हणाली, "मुकादमीण, मिरची में हात डाला तो आँख को भूल जाने का." मग तीही हसली, मीही हसले. रडत रडत हसले. मला वाटतं, माझी इज्जत त्या दिवशी गेली ती तिथंच, आणि टोळी माझी झाली तीही तिथंच.

‘कल का कल’ करता करता तोड्यामागून तोडा गेला. तो नव्या गाडीचा मुकादम आठवडाभर पारापाशी येऊन उभा राहिला, मग यायचा बंद झाला.

आज त्या दिवसांचा विचार करते तेव्हा मला बाया आठवतात, तसं माझं स्वतःचं अंगही आठवतं. ते बदलत होतं. आधी मी चालायची ती पदर सावरत, भिंतीच्या कडेनं. रानात तसं चालून भागत नाही, सरी तुडवली जाते. मी ढांगा टाकायला लागले. आधी हाक मारायची तर शेजारच्या खोलीत पोचेल एवढी. आता रानाच्या त्या टोकाला पोचेल अशी. गाडी रेणुकाईच्या देवळावरून जायची तेव्हा बाया मागून हात जोडायच्या, आणि मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसून हात जोडताना देवीला आता घरादारासोबत टोळीतल्या प्रत्येकीचं नाव सांगायची. कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याला वाटतं, माणूस आधी काहीतरी असतो आणि म्हणून तो ते काम करतो. माझं उलटं झालं. मी रोज सकाळी मुकादमाचं काम केलं, आणि काम करता करता आत एक बाई तयार होत गेली, तिची माझी ओळख नंतर झाली.

ती ओळख झाली तो दिवस मला पक्का आठवतो. ऊन-पाऊस चालला होता. आबांना कुठंतरी फांदी मोडलेली दिसली, कळ्या खाली पडलेल्या. ते कांताबाईवर धावले. तिनं मोडली असेलही, नसेलही. पण ते तिच्या अंगावर जाऊन वाट्टेल ते बोलायला लागले, तिच्या घरावर गेले. आणि तोंडाची तोफ म्हणून गावभर गाजलेली कांताबाई मान खाली घालून उभी होती, एक शब्द बोलेना. दुसऱ्याच्या रानात कितीही तोंडाळ बाई गप्प होते. मला काय झालं कळलं नाही. मी तीन सऱ्या ओलांडून मधे गेले आणि म्हटलं, "आबा, माझ्या टोळीतल्या बाईला बोलायचं असंल तर मला बोला. झाडाचं बोला. घराचं न्हाई."

माझ्या टोळीतल्या. तोंडातून गेलं आणि मग माझं मलाच ऐकू आलं. तोवर ती मालकांची टोळी होती, मी राखण करत होते. बायांच्या माना वर झाल्या. टकटक थांबली. आबांनी माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं, उपरणं झटकलं आणि तिरकस म्हणाले, "बरं बाबा. मुकादम, तुम्हीच सांगा मंग त्यांना."

टोमणाच होता तो. मुकादमीण नाही, मुकादम. बाई होऊन बाप्यासारखी अंगावर येते, असं म्हणायचं होतं त्यांना. पण कांताबाईनं तो झेलला. संध्याकाळी गाडीत चढताना ती मोठ्यानं म्हणाली, "मुकादम, माझा डबा पुढं घ्या जरा." दुसरी म्हणाली, "मुकादम, उद्या मी उशिरा येणार." तिसरीनं उगाचच ‘मुकादम’ म्हणून हाक मारली. घरी येईपर्यंत माझी ‘ईण’ गळून पडली होती. आठवड्यात आबाही तसंच म्हणायला लागले, आणि आता त्यात टोमणा नव्हता. एका व्यापाऱ्याला तर त्यांनी सांगितलं, "मुकादमांना विचारा, त्या म्हणतील तेव्हाच तोडा."

अजूनही हंगाम लागला की शमीमआपाच्या सुनेचा फोन येतो. आपा थकली, टोळी आता तीच पाहते. "मुकादम, कशा हाव? गुडघा काय म्हणून राह्यला?" असं विचारते आणि मग हळूच, कुणाला कुठली सरी द्यावी ते विचारते. मी गॅलरीत उभी राहून मोठ्यानं सांगते. खालून जाणारे वर बघतात. पल्लवी आतून म्हणते, "आई, फोन आहे तो, रान नाही." एकदा मात्र हापिसातून आली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, माझ्याकडं दोघी आहेत, एकमेकींशी बोलत नाहीत. काय करू?" मी म्हटलं, "टेबलं लांब कर त्यांची." तिनं केली. मग बोलायला लागल्या का, मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती माझा चहा आधी ओतते.

त्या हंगामात इकडं घरी बाजेवर मालकांचंही काहीतरी बदलत होतं. बसून बसून ते दाराकडं बघायला शिकले. दूधवाला किती पाणी घालतो ते त्यांना कळायला लागलं. कोंबडी कुणाच्या परसात अंडं घालते, शेजारीण कुणावर रुसली, सगळं. मी घरी आले की म्हणायचे, "आज उशीर झाला का? ताट झाकून ठेवलंय." वर थोडं रागानं, "सांगून जायचं तरी." अगदी माझा आवाज. मी पाय धुताना हसायची. गावातले रिकामटेकडे त्यांना हाक मारायचे, "काय मुकादमाचे मालक, कसं काय?" ते वरवर हसायचे. रात्री कूस बदलायचे तेव्हा बाज करकरायची, आणि मला कळायचं की हसलेले नाहीत. मला वाईटही वाटायचं. पण खरं सांगते, त्या नावातलं एक अक्षरही मला परत द्यावंसं वाटत नव्हतं.

प्लास्टर निघालं. काठी आली. एका सकाळी मी डबा बांधत होते तर मालक दाढी करून, धुतलेला सदरा घालून, रुमाल बांधून दारात तयार. "चल," म्हणाले. मी डब्याच्या फडक्याची गाठ मारली. काय बोलणार? काम त्यांचं, टोळी त्यांनीच बांधलेली, मी तर त्यांचा पाय मोडला म्हणून गेले होते. पारापर्यंत आम्ही दोघं चाललो आणि माझी पावलं आपोआप लहान होत गेली. परत भिंतीच्या कडेनं.

बाया गाडीत बसल्या होत्या. मालकांनी पुढच्या दाराला हात घातला. ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा आपला हात बघत बसला. मागं सगळ्या, कांताबाईसुद्धा, नुसत्या माझ्याकडं पाहत होत्या, रोजच्यासारख्या, गाडी कधी सोडायला सांगते आणि आज कुणाला कुठली सरी देते म्हणून. मालकांनी वळून ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं, बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "बसा."

लग्नापासून त्या माणसानं मला अगं, तू आणि ए याशिवाय हाक मारली नव्हती. मी बसले. ते काठी टेकत मागं गेले. आपानं त्यांना हात देऊन वर घेतलं.

त्या दिवशी त्यांनी जन्मात पहिल्यांदा मिरची तोडली. मी त्यांना आपाशेजारची सरी दिली, ती सांभाळून घेईल म्हणून. बाया त्यांना चिडवत होत्या, ते मान वर न करता तोडत होते, आणि देठासकट तोडत होते. संध्याकाळी घरी आलो तर हातांची नुसती आग. मी ताकाचं पातेलं पुढं सरकवलं. दोन्ही हात मनगटापर्यंत ताकात बुडवून ते ओसरीवर बसले, मी समोर पाणी तापवायला दाण्याच्या टरफलांचा जाळ करत होते. मग ताकाकडं पाहतच त्यांनी विचारलं, "उद्या येऊ का?"

मी जाळ सारखा केला.

"या," मी म्हटलं. "पण जल्दी आवरा. गाडी कुणासाठी थांबत न्हाई."